सीटवर आधी बसणारे किसनमामा

कुणाच्या गाडीत पुढच्या सीटवर बसायची वेळ आली, की सीट मागेपुढे करायचं बटण मी दाबत नाही. गुडघे अडले तरी तसाच बसतो. गाडीवाला म्हणतो, "अहो, घ्या ना मागे, बाजूला बटण आहे," आणि मी म्हणतो, "असू द्या, बरं बसलोय." बायकोला वाटतं मी भिडस्त आहे. भिडस्त कसला! गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये तेवीस वर्षं काढलेल्या माणसात भीड उरत नाही. त्या बटणाकडे हात गेला की मला किसनमामा आठवतात, आणि किसनमामा आठवले की माझी मलाच लाज वाटते, एवढंच.

किसन रूपनर हे त्यांचं नाव. वैजापूर तालुक्यातल्या धनगराच्या घरचे. बाप आणि चुलते मेंढरं घेऊन फिरायचे. मामाही लहानपणी मेंढरांमागे हिंडले, मग एका ट्रॅक्टरवाल्याकडे लागले, मग ट्रकांची वायरिंग करत करत आमच्या जालना रोडवरच्या वर्कशॉपमध्ये इलेक्ट्रिशियन म्हणून आले. मी तिथे जॉब कार्ड लिहायचो. म्हणजे गिऱ्हाइकाची तक्रार ऐकायची, कागदावर उतरवायची, गाडी कधी मिळेल ते सांगायचं आणि सांगितलेल्या वेळेला गाडी दारात उभी करायची. गाडीतलं मला फारसं कळत नव्हतं. पण कळतं असं दाखवणं मला फार छान जमायचं, आणि त्या जागेला तेवढं पुरत होतं.

मामा उंच, वाळके, मानेला जरा बाक आलेला. खाकी शर्टाच्या खिशात टेस्ट लॅम्प, हातात फडक्यात गुंडाळलेला मीटर. गाडीत शिरायच्या आधी ते जोडे काढून दाराशेजारी जोडीने लावून ठेवायचे. मी एकदा हसलो तर म्हणाले, "दुसऱ्याच्या घरात जोडे घालून जाता का साहेब?" त्यामुळे मामा कुठे आहेत हे शोधावं लागत नसे. ज्या गाडीखाली कुणी नाही, आत कुणी हलत नाही, पण बाहेर जोडे आहेत, ती मामांची गाडी.

आत ते काय करायचे? नुसते बसायचे. सीट चालत नाही अशी तक्रार आली, की बाकीचे लोक सीट उचकटायला घेत. मामा त्या सीटवर बसत, डोळे मिटत आणि दहा-दहा मिनिटं बसून राहत. डेंटिंगचा सलीम जाता-येता हटकायचा, "क्या मामू, अंडे पे बैठे क्या?" मामा डोळे न उघडता म्हणायचे, "निकलेगा तो तेरे को बुलाता."

बसून झालं की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे. "हितं कोण बसतं?"

गाडीचं मॉडेल नाही, किती किलोमीटर झाली हे नाही. कोण बसतं, वजन किती, बसताना आधी कुठला पाय टाकतं, बसून काय करतं. एका डॉक्टरांची गाडी आली होती. ड्रायव्हरची सीट वर जायची पण खाली यायची नाही. आमच्या दोघा पोरांनी कॉम्प्युटर लावून मोटार गेली असा निकाल देऊन टाकला होता. मामांनी डॉक्टरांनाच विचारलं, "साहेब, गाडीत काय खाता?" डॉक्टर जरा चिडलेच. मामांनी बटणाची पट्टी खोलली, नाकाशी नेली आणि म्हणाले, "बडीशेप." साखर लावलेली, रंगीत. जेवणानंतर डॉक्टर मूठभर तोंडात टाकायचे, त्यातले चार दाणे रोज बटणाच्या फटीत. पावसाळ्यात साखर विरघळून आतले पॉइंट चिकटून बसले होते. मामांनी ते साफ केले, सीट खाली आली. डॉक्टर जाताना हसून म्हणाले, "मी पेशंटला इतके प्रश्न विचारत नाही हो." मामा म्हणाले, "तुमचा पेशंट बोलतो तरी. आन् बोलतो म्हून खोटंबी बोलतो. गाडी खोटं बोलत नाय, साहेब. मानूस बोलतो."

हे त्यांचं आवडतं वाक्य होतं. दुसरं वाक्य वाटेचं. नव्या पोरांना ते सांगायचे, "बॅटरीपासून निघायचं. फ्यूज, मग बटण, मग कंट्रोलचा डबा, मग मोटार, मग अर्थिंग. वाटंनं चालायचं. मधी उडी मारली, की ज्या खड्ड्यात मेंढरू बसलंय नेमका तोच खड्डा सुटतो."

मेंढरं त्यांच्या डोक्यातून कधी गेलीच नाहीत. वायरिंगचा नकाशा इंग्रजीत असे, तो त्यांना वाचता येत नव्हता. पण सीटखाली पंधरा-वीस वायरींचा जुडगा असला, तरी एकदा पाहिलेली वायर ते विसरत नसत. लाल वायरीवर पांढरी रेघ असली तर ती तांबडी बांडी. तपकिरी ती करडी. पुण्याहून एक शिकवणारे साहेब आले होते, त्यांनी मामांची परीक्षा घ्यावी म्हणून विचारलं, सीट पुढे न्यायच्या बटणाची वायर कुठली? मामा म्हणाले, "काळी बांडी, पिवळ्या कानाची." सगळे हसले. साहेबांनी नकाशा उघडून पाहिला. काळी वायर, पिवळी रेघ, बरोबर होती. मामांचं म्हणणं, "तीनशे मेंढरांत आपलं एक वळखू येतं, मग वीस वायरी काय मोठं काम हाय?"

आणि त्यांचा तो दोरा. काम अर्धवट असलं आणि गाडी सोडून कुठे जायचं झालं, की मामा स्टीअरिंगला पांढऱ्या लोकरीचा एक दोरा बांधायचे. त्यांच्या घरात आजारी मेंढराच्या पायाला असा दोरा बांधत, म्हणजे दुसऱ्या कुणी ते कळपाबरोबर हाकलून नेऊ नये. आमच्या वर्कशॉपमध्ये मॅनेजरसाहेबांपासून गाड्या धुणाऱ्यांपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं: दोरा आहे तोवर गाडी हलवायची नाही. मामा स्वतः सोडतील तेव्हाच ती बरी झाली. मॅनेजर शिव्या देत, गिऱ्हाईक ताटकळत बसे, पण दोऱ्याला कुणी हात लावला नाही.

मी लावला.

औरंगपुऱ्यातले एक कापडवाले शेठ होते. त्यांनी आईसाठी म्हणून मोठी गाडी घेतली होती. आजींच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, पाय पुरता वाकत नसे. ड्रायव्हरशेजारची सीट बटणाने पार मागे घेतली की त्यांना बसता-उठता येई. ती सीट अधूनमधून मागे जाईना, म्हणून शेठ एका शनिवारी सकाळी आईला घेऊनच आले. संध्याकाळी गाडी हवी होती, दुसऱ्या दिवशी सिल्लोडला लग्न. मी छातीवर हात ठेवून सांगितलं, "चार वाजता तयार." वेळ पाळणारा माणूस म्हणून माझं नाव होतं आणि त्या नावाचा मला माज होता.

मामांनी आजींना विचारलं, "माय, तुमीच बसता ना हितं? काय व्हतं नेमकं?"

आजी म्हणाल्या, "मागं जात नाही ते राहू दे बाबा. ती मला ढकलते."

शेठ हसले. "वय झालंय तिचं. ब्रेक लागला तरी ढकललं म्हणते."

मामा हसले नाहीत. "ढकलते म्हंजी? बटन न दाबता?"

"हं. मी टेकले की मधीच इतकुशी पुढं सरते. दचकायला होतं."

"मंग बरोबर हाय," मामा म्हणाले आणि जोडे काढून आत जाऊन बसले.

दुपारी मी एका गिऱ्हाइकाबरोबर गाडीची चक्कर मारायला गेलो होतो. त्या वेळात मामा वैजापूरला निघून गेले. भाचीचा साखरपुडा होता, दोनला सुटायचं त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं. डेंटिंगवाले जेवायला बसले होते. चार वाजता शेठ आणि आजी आले. आजींच्या अंगावर लग्नाचं लुगडं, हातात पिशवी. मी गाडीपाशी गेलो तर स्टीअरिंगला दोरा. सीटखाली वाकून पाहिलं, वायरींचा मोठा कनेक्टर काढून बाजूला ठेवलेला.

मामांकडे फोन होता. माझ्याकडेही होता. मी फोन केला नाही, कारण ते काय म्हणतील हे मला ठाऊक होतं.

मी कनेक्टर खटकन बसवला. बटण दाबलं. सीट मागे गेली. पुढे आली. पुन्हा मागे गेली. वीस वेळा तरी पाहिलं, एकदाही अडली नाही. मनात म्हटलं, मामांनी काम उरकलंय आणि घाईत एवढं लावायचं राहिलंय. मग दोरा सोडला. जॉब कार्डावर इलेक्ट्रिशियनची सही लागते, ती मारली. तसल्या सह्या मी नेहमीच मारायचो. मामाच म्हणायचे, "तुमीच मारा साहेब, माझे हात काळे हायेत." आजींना हात धरून सीटवर बसवलं ते मीच. त्यांनी मला आशीर्वाद दिला.

मामांना काय सापडलं होतं ते मला नंतर कळलं. पुढे जायच्या बटणाची ती पिवळ्या कानाची वायर सीटखालच्या लोखंडी पट्टीवर घासून उघडी पडली होती. कुणी भार देऊन टेकलं, की वायर लोखंडाला लागायची, आणि लागली की कंट्रोलच्या डब्याला वाटायचं, कुणीतरी पुढे जायचं बटण दाबलंय. त्याच वेळी मागे जायचं बटण दाबलं तर डब्याकडे दोन्ही हुकूम जायचे आणि तो मागे जायचा हुकूम मानायचा नाही. मी बाहेर उभा राहून हात आत घालून बटण दाबत होतो. सीटवर मी बसलोच नव्हतो.

सिल्लोडच्या रस्त्यावर गाडी एका खड्ड्यात आदळली आणि सीट पुढे निघाली. थांबेना. शेठ गाडी चालवता चालवता हात लांबवून मागे जायचं बटण दाबत राहिले, काही होईना. आजींचा ऑपरेशन केलेला गुडघा डॅशबोर्डला टेकला, दाबला गेला. शेठनी गाडी थांबवून दार उघडून त्यांना ओढून काढेपर्यंत व्हायचं ते होऊन गेलं होतं.

सोमवारी सकाळी मॅनेजरसाहेबांच्या केबिनमध्ये आम्ही तिघं होतो. मामांच्या कपाळाला साखरपुड्याचं कुंकू अजून होतं.

"सही तुमची आहे का?" साहेबांनी कार्ड पुढे केलं.

मामांनी पाहिलं. "माझी सही हे साहेबच मारतेत. पन मी ओके दिलंच नाय. कनेक्टर काढला, दोरा बांधला आन् गेलो."

"गाडीत कनेक्टर लावलेला होता. तुम्ही दोरा पाहिलात?" हे मला.

मला अजून तो पंखा दिसतो, टेबलावरची काच दिसते. मी म्हणालो, "मी पाहिला नाही, सर."

चार शब्दांचंच खोटं होतं ते, पण त्यात एक माणूस मावला. मामांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता हे ओरडतील. ओरडले असते तर कदाचित मी खरं बोललो असतो. पण त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. ते आठवत होते. हाताची बोटं हवेत हलवून गाठ मारल्यासारखं करून पाहत होते.

"काढला व्हता," ते हळू म्हणाले. "हात तर म्हनतो काढला व्हता. पन गाडीत लावलेला निघाला म्हन्ता." आणि मग, "गाडी खोटं बोलत नाय."

त्याच संध्याकाळी त्यांना आजींना भेटायला जायचं होतं. बस कुठली घ्यायची म्हणून मला विचारलं. मी म्हटलं, चला, मी नेतो. स्कूटरवर मागे बसून आले. वाटेत त्यांनी मोसंब्या घेतल्या, पिशवी माझ्या हातात दिली. आजी पलंगावर होत्या, पाय प्लास्टरमध्ये. शेठ तोंड फिरवून बाहेर गेले. मामा आजींच्या पायाशी खाली बसले.

"चुकलं माय माझं."

आजींनी मान हलवली. म्हणाल्या, "तू एकट्यानं इचारलं होतंस मला. बाकी सगळ्यांनी येडी ठरवली. तुझ्या हातून नाही चुकायचं बाबा. नीट आठव."

"लई आठवलं. चुकलंच."

मी दारात मोसंब्यांची पिशवी धरून उभा होतो. त्या खोलीत तिघं माणसं होती आणि खरं ठाऊक असलेला मी एकटा. मला वाटतं, माणसाला बोलायची एवढी चांगली संधी पुन्हा मिळत नसावी. मी म्हणालो, "आजी, मोसंब्या कुठं ठेवू?"

मामांना काढलं नाही. फक्त सीटांची कामं काढून घेतली. बल्ब, हॉर्न, बॅटरीचं पाणी, एवढंच राहिलं. त्यांनी तक्रार केली नाही. पण ते बदलले. जोडे काढून गाडीत शिरायचे, बसायचे, आणि बाहेर आल्यावर पुन्हा आत जायचे. दोरे दोन-दोन बांधायला लागले. एकदा बसस्टँडपर्यंत जाऊन परत आले, कुठल्याशा गाडीचा साधा हॉर्न लावला की नाही ते बघायला. येणाऱ्या-जाणाऱ्याला धरून विचारायचे, "मी वायर काढली ना? तू बघितलं ना?" सलीमने टिंगल बंद केली. मला एकदा म्हणाला, "साब, मामू का हाथ नहीं गया, भरोसा गया." मी म्हटलं, वय झालं आता त्यांचं. शेठ आईबद्दल बोलले होते तेच शब्द, आणि मला ते बोलताना कळलं सुद्धा.

सांगायला मी भ्यालो, हे पहिल्या आठवड्यापुरतं खरं आहे. पुढे भीती नव्हती. नुसता संकोच होता, की आता इतक्या दिवसांनी कुठल्या तोंडाने सांगायचं. संकोच भीतीपेक्षा चिवट. सहा-सात महिन्यांनी मामांनी स्वतःच काम सोडलं. निरोपाच्या चहाला त्यांच्याबद्दल चार शब्द बोलायला मला उभं केलं. मी फार छान बोललो. दोघा-तिघांच्या डोळ्यात पाणी आलं.

पुढे मी त्याच केबिनमध्ये मॅनेजर म्हणून बसलो. दहा-अकरा वर्षं गेली. आजी वारल्याचं कळलं त्या आठवड्यात मी सुट्टी काढली आणि वैजापूरकडे निघालो. मामांचं गाव रस्त्यापासून आत आहे. शेजाऱ्याचा ट्रॅक्टर दारात उभा होता, त्याचा दिवा दुरुस्त करत मामा उकिडवे बसले होते. केस सगळे पांढरे झालेले. मला पाहून लगबगीने उठले. "आवो साहेब! हिकडं कामून? अगं ए, बघ कोण आलं."

मामींनी पाणी आणलं. मी पाणी प्यायच्या आधीच बोललो, नाहीतर पुन्हा बोललो नसतो.

"मामा, त्या शेठच्या गाडीचा दोरा मी सोडला होता. कनेक्टर मी लावला. सही मी मारली. तुम्ही काही विसरला नव्हता. तुम्ही सगळं बरोबर केलं होतं."

मी वाट पाहत होतो. शिवीची, थपडेची, काहीही चाललं असतं. त्यांच्या डोळ्यात पाणी आलं आणि ते हसले.

"येवढ्या लांब हे सांगाया आले व्हय?"

"खरं सांगतोय मामा."

"तवाबी तुमी असंच केलं. साहेबानं इचारलं तर 'पाहिला नाही' म्हनले. 'मामानं बांधलाच नाय' असं म्हनले नाय. दुसरा असता तर सरळ माझ्यावर ढकलून मोकळा झाला असता. मी इसरलो नाय ते. आन् आता म्हाताऱ्याच्या जीवाला बरं वाटावं म्हून सगळं सोताच्या अंगावर घ्याया आले."

"लेकरांची शपथ घेऊन सांगतो..."

त्यांनी पटकन माझा हात धरला. "लेकरांची शपथ असल्या कामाला घालू नाय, साहेब." आणि आत वळून म्हणाले, "ऐकलं का, साहेबाला जेवाया वाढ. असा मानूस बघाया मिळायचा नाय."

मी आणखी दोनदा सांगितलं. जितकं पटवून सांगावं तितका मी त्यांच्या नजरेत मोठा होत गेलो. शेवटी थांबलो.

भाकरी होईपर्यंत दिवा लावून टाकतो म्हणून ते पुन्हा ट्रॅक्टरपाशी बसले. दोनच वायरी होत्या. एक त्यांनी जोडली. दुसरी जागेवर नेली आणि हात थांबला. बोटांत धरून ती फिरवली, मागे घेतली, पुन्हा नेली. मग मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

"साहेब, ही हितंच लागती ना? जरा बघा बरं."

मला ट्रॅक्टरचं काही म्हणता काही कळत नाही. मामा वायर धरून वाट बघत होते. मी त्यांच्या शेजारी खाली बसलो, वाकून पाहिल्यासारखं केलं आणि म्हणालो, "बरोबर आहे, मामा."

तेव्हा कुठे त्यांनी स्क्रू आवळला.